पेणमार्गे रोहा, आप्पांच्या वहीपर्यंत

रोह्याला जायचं ठरलं ते आप्पांच्या हट्टामुळे. आप्पा म्हणजे माझे वडील; रोह्याजवळ धाटावच्या एका कारखान्यात त्यांनी विजेच्या सबस्टेशनवर तीस वर्षं काढली. आता ते ठाण्यात माझ्याकडे असतात आणि हल्ली एकच पालुपद लावलेलं, "बाळ्याला भेटून येऊ गो एकदा." बाळूकाका म्हणजे त्यांच्या शिफ्टचे सोबती. मला सोमवारी ऑफिसात एक टिपण द्यायचं होतं. म्हटलं, घेऊ लॅपटॉप सोबत.

शनिवारी सकाळी सहाला गाडी काढली. महामार्गावरच्या खड्ड्यांबद्दल काही लिहीत नाही, ते तुम्हाला आपोआप कळतील. पेणला मात्र थांबाच. आम्ही मिसळ खाल्ली, पोह्याचे पापड घेतले आणि गणपतीच्या एका कारखान्यात डोकावलो. मूर्ती ओळीने उभ्या होत्या, डोळ्यांची आखणी व्हायची होती.

मिसळ खाताना आप्पांनी टिपणाचं विचारलं. मी सांगितलं, कंपन्या रात्रंदिवस इथली, बहुतेक कोळशाची वीज वापरतात, वर्षअखेरीला दूरच्या सौरविजेची प्रमाणपत्रं विकत घेतात आणि अहवालात विजेचं प्रदूषण शून्य लिहितात. आता नवा प्रस्ताव आलाय. ज्या तासाला वीज वापरली, त्याच तासाची, त्याच भागातली स्वच्छ वीज दाखवायची. कंपन्यांची बाजू मांडणाऱ्या आमच्या ऑफिसचा त्याला विरोध आहे. मीच लिहिलंय, "कारखान्यांना तासागणिक नोंद ठेवणं अशक्य आहे."

आप्पांनी पाव खाली ठेवला. "रातपाळीला सूर्य कुठला?" मग माझ्याकडे बघून, "अशक्य? मग मी काय करत व्हतो?"

मला फार वाईट वाटलं. दर तासाला मीटर बघून आकडे लिहिणाऱ्या माणसाची मी मुलगी, आणि ते वाक्य लिहिताना मला आप्पा आठवलेही नव्हते.

नागोठण्याहून महामार्ग सोडून भिसे खिंडीतून रोह्याला उतरा, रस्ता सुंदर आहे. गाडी नसेल तर दिव्याहून रेल्वे आहे. बाळूकाकांकडे तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. हात धुतल्यावर काकांनी फडक्यात बांधलेलं रजिस्टर आणलं.

"कॉम्प्युटर आला तवा समद्या वह्या रद्दीत चालल्या व्हत्या. तुझ्या अक्षराची ही एक ठेवली," ते आप्पांना म्हणाले.

प्रत्येक पानावर तासाला एक अशा चोवीस ओळी, आप्पांच्या पाळीच्या ओळी निळ्या शाईत. एका चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही आणि वेळ.

"खाडाखोड करायची नाय," काका मला म्हणाले. "चुकलं ते पन दिसलं पायजे."

"पन वाचायचं कोन गो?" आप्पा हसले. "महिन्याची बेरीज तेवढी वर जायची."

मी मोठ्याने वाचायला बसले. दुपारी दोनचा आकडा, तीनचा, चारचा. आप्पा डोळे मिटून ऐकत होते, आणि मधेच म्हणायचे, "त्या दिवशी पंप बंद व्हता." मला त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की पुढचा आकडा वाचता येईना. मग काकांनी चहा टाकला.

रोह्यात स्टेशनजवळच्या साध्या लॉजवर राहिलो आणि रविवारी परत आलो. पापड आठवडाभर पुरतील. ते टिपण मी छापून घेतलं. "अशक्य" या शब्दावर एक रेघ मारली, शेजारी "शक्य" लिहिलं आणि सही केली. साहेब काय म्हणतील ते उद्या कळेल.

आप्पांनी चष्मा लावून कागद तपासला. "येळ घातली नाय," ते म्हणाले, आणि घड्याळाकडे बघून त्यांनीच मला सांगितली.