भुंग्यांचा वर्ग

धाकट्या जावेनं विद्यापीठातल्या भूगोलाच्या कायम जागेसाठी अर्ज केला, तेव्हापासून थोरलीच्या पोटात दुखत होतं. जागा एकच. थोरली लग्नाआधीपासून तिथं तासांवर शिकवत होती. सुट्टी लागली की पगारही सुट्टीवर. धाकटी मात्र कालपरवा संशोधन संपवून आलेली.

"ताई, तुम्ही आहात म्हणून भीती नाही हो," धाकटी भाजी निवडताना म्हणाली.

"मी कसली? मी तर तुझ्या वाटेतली धोंड!" थोरली हसली, पण ओठांपुरतंच.

"कुणालाही मिळो, घरातच येतेय ना?" सासूबाई म्हणाल्या. थोरलीला ते मिरचीसारखं झोंबलं.

मुलाखतीआधी निवड समितीसमोर खऱ्या वर्गाला शिकवून दाखवायचं असे. कुणी कुठल्या वर्गावर जायचं, ते वेळापत्रक लावणाऱ्याच्या हाती. आणि हे फुकटचं काम विभागप्रमुखांनी कधीच थोरलीच्या गळ्यात मारलं होतं. तिनं सकाळचा हुशार वर्ग स्वतःला घेतला. धाकटीला दिले भुंगे.

भुंगे म्हणजे जेवणानंतरचा वर्ग. अखंड गुणगुण. नव्या मास्तराला रडवून पाठवण्यात पटाईत. थोरलीनं घसा बसेपर्यंत ओरडून पाहिलं होतं. शेवटी परातीत वाळू आणून, तांब्यानं पाणी सोडून वर्गातच नदी वाहवली, तेव्हा कुठं ते माणसाळले.

सकाळी थोरलीनं जीव ओतून शिकवलं. प्रश्न विचारला, तर हुशार पोरं माना खाली घालून लिहीतच राहिली. चुकायची भीती हुशारांनाच फार. समितीतल्या एकानं जांभई दाबली.

दुपारी ती धाकटीच्या वर्गाबाहेर कान लावून उभी राहिली. आत चिडीचूप. मग हशा पिकला. झाली फजिती, म्हणून ती सुखावली. तेवढ्यात धाकटीचा आवाज आला, "नदी वळण मोठं का करत जाते?"

"बाहेरचा काठ पाणी खरवडतं, आतल्या काठाला गाळ बसतो!" हा भुंग्यांचा म्होरक्या, लंबू. शब्द न् शब्द थोरलीचा. मागोमाग सगळे भुंगे बोलू लागले.

"वर्ग काय बोलता केला हो या बाईंनी!" समितीवाले बाहेर पडता पडता म्हणाले.

लंबू धावत आला. "बाई, आडनावावरून ओळखलं, तुमच्याच जाऊबाई ना? म्हटलं, आपल्या बाईंच्या घरचं माणूस, दंगा नाही करायचा. बरोबर केलं ना?"



जागा धाकटीला मिळाली. "ताई, पोरं तुमचीच बोलली," ती म्हणाली.

"बोलली तुझ्यापुढे."

नव्या सत्राचं वेळापत्रक पुन्हा थोरलीकडेच आलं. धाकटी लाडीगोडीनं म्हणाली, "मला भुंगे द्या ना, ताई."

"हुशार वर्ग घे, खोली घे, खुर्ची घे," थोरली मान वर न करता म्हणाली. "भुंगे मिळायचे नाहीत."