आज कुणाबरोबर जेवलास?

बाईंचा फोन आला की आधी तोंडातला घास गिळायचा आणि मगच बोलायचं, हे त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. कारण बाई फोन करायच्या त्या जेवणाची सुट्टी संपता संपता, आणि कसा आहेस, बरा आहेस ना, एवढं झालं की थेट विचारायच्या, "आज काय जेवलास? आणि कुणाबरोबर?"

आता तुम्ही म्हणाल, ही कसली चौकशी? तर सांगतो. हाताचं काम शिकवणारी एक संस्था होती. शिवणकाम, बेकरी, फ्रीजची दुरुस्ती, दुकानाचा हिशेब, असं सगळं तिथं शिकवायचे. तिथल्या जिन्याखालच्या खोलीत बाईंचा नोकरी मार्गदर्शन विभाग होता. विभाग म्हणजे काय, तर स्वतः बाई, एक टेबल, एक फोन आणि दार उघडलं की अंगावर येणारं एक कपाट. शिकून बाहेर पडणाऱ्यांना काम मिळवून द्यायचं आणि सहा महिन्यांनी फोन करून विचारायचं, नोकरी टिकली का? टिकली म्हणणारे किती, याची टक्केवारी काढायची आणि वर पाठवायची. विभाग चांगला की वाईट, ते त्या आकड्यावरून ठरायचं.

पण माणसं फोनवर खरं बोलतात होय? सुरुवातीला एका शिवणकामवाल्या मुलीला बाईंनी रीतसर विचारलं, नोकरी आहे का? म्हणाली, आहे. बरी चाललीय का, बरी चाललीय. बाई फोन ठेवणारच होत्या, पण सवयीनं तोंडातून गेलं, जेवलीस का गं? त्यावर मुलगी म्हणाली, हो, जिन्यात बसून, एकटीच. आणि एवढं बोलून जी रडायला लागली ती थांबेचना. महिन्याभरात तिनं ती नोकरी सोडली. बाईंना तेव्हा कळलं की नोकरी आहे का, या प्रश्नाला माणूस हो म्हणून मोकळा होतो, पण जेवणाबद्दल थाप मारायला त्याला वेळ लागतो.

तेव्हापासून हा प्रश्न पक्का झाला. जो सांगायचा की कटिंगवाला काका, दोघी शिलाईवाल्या आणि मी, आणि काका माझ्या डब्यातलं लोणचं पळवतो, तो टिकणार हे बाई डोळे मिटून सांगायच्या. त्यात आणखी एक फायदा होता. एखादा म्हणायचा, आज आम्ही तिघंच होतो, चौथा काल सोडून गेला. की बाईंचे कान टवकारलेच. आठवड्याच्या आत त्या चौथ्याच्या जागी बाईंचा एखादा विद्यार्थी डबा उघडून बसलेला असायचा.

बाईंच्या यजमानांचं चष्म्याचं दुकान. त्यांना या सगळ्याची भारी गंमत वाटायची. म्हणायचे, तुझं बरं आहे, तू फोन करून विचारतेस तरी; माझ्याकडे ज्याला नीट दिसतं तो तोंड दाखवत नाही आणि ज्याला दिसत नाही तो शिव्या द्यायला येतो. मग मी कसं मोजायचं? बाई म्हणायच्या, शिव्या मोजा.

तर असं सगळं छान चाललेलं असताना संस्थेला पैसा पुरवणाऱ्या मंडळींनी नवा नियम काढला. शंभरातले निदान पंचाहत्तर जण ठरलेल्या तारखेला नोकरीत हवेत, नाहीतर विभाग बंद. संस्थेचे संचालक तसे भले गृहस्थ, पण हे सांगताना त्यांना बाईंच्या नजरेला नजर देता येईना. त्या वर्षी शहरातली दोन मोठी दुकानं बसली होती, आकडा काठावर होता, आणि बाईंची नोकरी त्या आकड्याला टांगलेली. बाईंनी नेहमीसारखं हसून मान डोलावली आणि जिन्याखाली येऊन कपाटाला एक लाथ घातली.

ही बातमी फुटली कशी, तर रेडिओमुळे. रेडिओ म्हणजे बाईंचा एक विद्यार्थी, फ्रीज दुरुस्त करणारा. बोलायला लागला की बंद करायचं बटण सापडत नाही म्हणून हे नाव. तो संस्थेत काहीतरी दाखला न्यायला आला, शिपायाशी गप्पा छाटत बसला आणि जाताना ही बातमी घेऊन गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना निरोप गेला होता: बाईंवर संकट आहे, बाई काहीही विचारोत, आपण हो म्हणायचं.

बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. ठरलेली तारीख आली. यंदा फोन बरेच होते, म्हणून त्यांनी जेवणाखाण्याचं न काढता नुसता सरकारी प्रश्न विचारायचा ठरवला. पहिल्यानं सांगितलं, नोकरी आहे. दुसऱ्यानं सांगितलं, आहे. तिसरी म्हणाली, आहे आणि मी फार सुखात आहे. संध्याकाळी बाईंनी हिशेब केला तर शंभरातले शंभर नोकरीत. संचालक खाली धावत आले, बाईंच्या टेबलावर पेढ्यांचा नाही पण बिस्किटांचा पुडा ठेवला आणि म्हणाले, बाई, तुम्ही कमाल केलीत.

बाईंनी अर्धं बिस्किट खाल्लं आणि उरलेलं परत पुड्यात ठेवलं. बेकरीत काम करणाऱ्या एका मुलानं गेल्याच महिन्यात त्यांना सांगितलं होतं की भट्टीसमोर उभं राहवत नाही, मी सोडतोय. तोच आज म्हणत होता, मजेत आहे. सगळेच मजेत आहेत म्हटल्यावर कुठेतरी पाणी मुरतंय हे कळायला बाईंना ज्योतिषी लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पहिल्यापासून सगळे फोन पुन्हा केले. आज काय जेवलास, कुणाबरोबर? आणि एकेकाचं बिंग फुटायला लागलं. एकजण म्हणाला, साहेबांबरोबर जेवलो, आणि मागून त्याच्या आईचा आवाज आला की अरे आता तरी अंथरूण उचल. दुसरीनं ऑफिसातली नऊ माणसं मोजून दाखवली. त्या ऑफिसात तीन खुर्च्या आहेत हे बाईंनी स्वतः जाऊन पाहिलेलं. बाईंना हसू आवरेना. लबाडांनो, निदान थापा तरी धड मारा, असं त्या रिसीव्हर ठेवल्यावर भिंतीला म्हणायच्या.

मग त्यांनी रेडिओला फोन लावला. दुकान जोरात चाललंय, मालक खूश, गिऱ्हाईक खूश, फ्रीजसुद्धा खूश, अशी त्याची गाडी सुटली. बाईंनी मध्येच विचारलं, कुणाबरोबर जेवलास?

रेडिओ गप्प झाला.

बाईंनी वाट पाहिली. पलीकडून कबुतरांची गुटरगू तेवढी ऐकू येत होती. दुकानात कबुतरं कुठून आली, हे विचारायची गरजच पडली नाही.

"दोन महिने झाले बाई, दुकान बंद पडून," रेडिओ म्हणाला. "घरी सांगितलं नाही. सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन निघतो आणि बागेत बसतो."

बाईंनी त्याला असं काही सोलून काढलं की बागेतल्या कबुतरांनीही ऐकलं असेल. मूर्खा, मला का नाही सांगितलंस, मी इथे कशासाठी बसलेय, आणि त्या बाकीच्यांना खोटं बोलायला तूच शिकवलंस ना? रेडिओ म्हणाला, तुमची खोली बंद होऊ नये म्हणून. बाई म्हणाल्या, डबा खा आणि हत्यारं घेऊन सरळ इथे ये.

खरा आकडा पंचाहत्तरच्या खाली उतरला. बाई तो घेऊन संचालकांकडे गेल्या. संचालकांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग हळूच म्हणाले की कालचा आकडाही काही आपण बनवलेला नाही, विद्यार्थ्यांनी आपल्या तोंडानं सांगितलेला आहे. तोच पाठवला तर कुणाचं काय बिघडतं?

"साहेब, ज्याला आपण नोकरीत धरला, त्याला पुन्हा कुणी फोन करत नाही," बाई म्हणाल्या. "त्या पोरांचं बिघडतं."

संचालकांनी खऱ्या आकड्यावर सही केली. बाईंनी विभाग बंद होईपर्यंतचे दिवस फोनला चिकटून काढले. त्याच जेवणाच्या गप्पांमधून कुठे कुणाची जागा रिकामी झालीय ते त्यांना कळलं होतं. भट्टी सोडलेला मुलगा केकवर नक्षी काढायला लागला. नऊ माणसं मोजणारी एका वाण्याच्या दुकानात हिशेबाला बसली. रेडिओ फळं साठवायच्या कोल्ड स्टोरेजमध्ये लागला. पण ही सगळी मंडळी तारीख उलटल्यावर कामाला लागली, तेव्हा आकड्यात त्यांना जागा नव्हती. विभाग बंद झाला. संचालकांनी फुलं दिली आणि भाषण अर्ध्यातच आटोपतं घेतलं. बाई सगळ्यांना सांगत सुटल्या की बरं झालं बाई, कितीतरी दिवसांपासून आराम हवाच होता.

आराम पहिल्या आठवड्यातच अंगावर आला. यजमान सकाळी दुकानात जायचे, मग बाई ओटा पुसायच्या, पुसलेला ओटा पुन्हा पुसायच्या. दुपारी पातेल्यातलं थोडंसं वाटीत काढून उभ्याउभ्याच खायच्या. ताट घ्यायचं तर समोर कुणीतरी हवं ना. यजमान संध्याकाळी विचारायचे, कसा गेला दिवस? बाई म्हणायच्या, मजेत. यजमानांना सगळं कळत होतं, पण ते बापडे चष्म्याच्या काचांबद्दल बोलायचे.

अशाच एका दुपारी फोन वाजला. रेडिओ होता. इकडचं तिकडचं काही नाही, फोन उचलल्या उचलल्या म्हणाला, "बाई, आज काय जेवलात? आणि कुणाबरोबर?"

"शेजारणीबरोबर," बाई म्हणाल्या. "खूप गप्पा झाल्या."

"कशाबद्दल?"

बाईंनी तोंड उघडलं, पण काही आठवेना. हातात वाटी तशीच होती. नळ टपटपत होता आणि तो फोनवरून नक्की पलीकडे ऐकू जात असणार.

"मीसुद्धा असाच गप्प बसलो होतो, बाई," रेडिओ म्हणाला.

मग बाई रडल्या. मोकळेपणी रडल्या, आणि जन्मात दुसऱ्यांदाच रेडिओ मधे एक अक्षर न बोलता थांबला. रडणं आटोपल्यावर मात्र त्यानं सगळी कसर भरून काढली. कोल्ड स्टोरेजमध्ये माणूस टिकतच नाही, आज आलेला पुढच्या महिन्यात पळतो, मालकीणबाई वैतागून गेल्यात, मी त्यांचं डोकं खाऊन खाऊन तुमचं नाव त्यांच्या गळी उतरवलंय, तेव्हा उद्या या. आणि बाई, डबा घेऊन या.

मालकीणबाई करारी होत्या. त्यांनी बाईंना अनुभव विचारला, शिक्षण विचारलं, आणि मग विचारलं की माणसं का पळतात ते तुम्ही कसं शोधणार? बाई म्हणाल्या, तुमची माणसं जेवतात कुठे, ते मला आधी दाखवा. मालकीणबाई थोड्या गोंधळल्या. त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. दोघी मागच्या बाजूला गेल्या तर कुणी खोक्यावर बसलेलं, कुणी दाराआड उभं, कुणी थंडीनं आखडलेली बोटं काखेत धरून, प्रत्येकजण आपापल्या कोपऱ्यात भराभर घास कोंबत होता. बाईंनी पगाराचं बोलायच्या आधी एक टेबल मागितलं. लांब, सगळ्यांना पुरेल असं, आणि उबदार खोलीत.

टेबल आलं त्या दिवशी दुपारी बाईंचा फोन वाजला. यजमान दुकानातून बोलत होते. गिऱ्हाईक नव्हतं वाटतं, आवाजात खट्याळपणा होता.

"काय गं, आज कुणाबरोबर जेवलीस?"

बाईंनी मान वर केली. पेट्या उचलणारे दोघं भाऊ एका डब्यावरून भांडत होते, वजनकाट्यावरची पोर स्वतःशीच हसत होती, मालकीणबाई आपली थाळी घेऊन कुणाशेजारी बसावं ते ठरवत होत्या, आणि रेडिओ कुणालाही बोलू देत नव्हता.

"अहो, अजून जेवणं चाललीयत, नावं मागून सांगते," बाई म्हणाल्या. "इथे दोन जागा रिकाम्या आहेत बघा. तुमच्या ओळखीत कुणी आहे का?"