भार्गवीची ढमी

परदेशात, हौगांगच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या भार्गवीने उभ्या जन्मात अंडंसुद्धा खाल्लं नव्हतं, आणि पोटापाण्याचा उद्योग काय? तर शहामृगाचं मांस वाढवणं! आता बोला. शेत नाही, कुंपण नाही. दूरदेशीच्या एका मादीचं पीस, त्याच्या मुळाशी चिकटलेल्या पेशी आणि बुओना व्हिस्टाच्या प्रयोगशाळेतली स्टीलची टाकी. त्या टाकीत मांस वाढायचं. पक्षीण तिकडे मजेत चरत असायची. "कुणी मरत नाही गं, आई," भार्गवी फोनवर सांगायची. आई नुसतं "हं" म्हणायची.

एकच गोष्ट बिनसली. तिने त्या पेशींना नाव दिलं, ढमी. मांसासाठी जनावरं पाळणारा माणूस असला वेडेपणा सहसा करत नाही. हिला वाटलं, टाकीचं काय एवढं! रोज सकाळी झाकणाशी वाकून "काय गं ढमे, भूक लागली का?" असं विचारायची आणि मगच आतला खाऊ बदलायची.

मग ढमी स्वप्नात यायला लागली. एमआरटीच्या भुयारी गाडीत जरा डोळा लागला की बोगद्यातून गाडीबरोबर लांब पायांनी धावायची, खिडकीला मोठाले डोळे लावून. कधी फ्लॅटबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये तुळशीपाशी मान वाकवून उभी. वारा नसतानाही तिची पिसं हलायची. जाग आली की भार्गवीला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. नवरा, उन्मेष, चिडवायचा, "तुझ्या लेकीला झोप म्हणावं आता!"

अशात कंपनीत पैसे गुंतवणारे पाहुणे यायचे ठरले. पहिला घास त्यांच्यासमोर भार्गवीने खायचा. जिने वाढवलं तीच तोंड फिरवणार असेल, तर बाकीच्यांनी का विश्वास ठेवावा? तीही बापडी हो म्हणून बसली होती. आता माघार घेतली तर सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी.

शेफने ताट पुढे ठेवलं. भार्गवीने डोळे मिटले, हात जोडले आणि लहानपणापासूनच्या सवयीने एक तुकडा काढून बाजूला ठेवला.

"चांगला नाही का तो?" शेफने विचारलं.

"तसं नाही. आमच्याकडे जेवायच्या आधी दारातल्या जनावरासाठी घास काढतात."

"इथे कुठलं जनावर?"

ती सांगायला गेली आणि तिची नजर त्या तुकड्यावर गेली. तिच्या दारात, तुळशीपाशी, एकच जनावर येत होतं, आणि तिने त्याच्यापुढे त्याचंच मांस वाढलं होतं!

तिने ताट सरकवलं. "मला माफ करा, मला नाही खाता येणार," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "हे खरोखरचं मांस आहे हो."

एक पाहुणा हसला, दुसऱ्याने टाळी दिली. याहून मोठी पावती कुठली हवी! सगळे कौतुकाने खायला बसले. भार्गवी बाजूला काढलेला तो तुकडा हाताने झाकून बसून राहिली, कुणी तेवढा तरी उचलू नये म्हणून.