पांढरेशुभ्र लंगोट
शेजारच्या फ्लॅटमधून ओव्याच्या धुरीचा वास आला आणि मेथी निवडता निवडता माझा हात थांबला. नायगावच्या चाळीत धाकट्या बहिणीच्या बाळंतपणात अशीच धुरी रोज व्हायची, आणि लंगोट धुवायचं काम माझ्याकडे होतं. बाळ पिवळं दिसायचं. "होतेच गं कावीळ, कोवळं ऊन दे त्याला," असं सगळ्याच म्हणत, म्हणून मी रोज सकाळी त्याला घेऊन गॅलरीत बसायची. शू गडद व्हायची, पण दिवसच उन्हाळ्याचे होते. शी मात्र खडूसारखी पांढरी, लंगोटाला डाग म्हणून नाही. शेजारणी दोरीकडे बघून म्हणायच्या, "काय हात आहे गं तुझा!" आणि मी खरंच सुखावायची. तिसऱ्या महिन्यात पोट फुगलं तेव्हा बाळाला परळच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पहिलंच विचारलं, "शीचा रंग कसा असतो?" मी कौतुकानेच सांगितलं, "पांढरा. अगदी पहिल्यापासून." त्यांनी पेन खाली ठेवलं. पित्ताची नळीच बंद होती, म्हणून शीला रंग नव्हता. क्वचित एखाद्या बाळाला असं होतं, म्हणाल्या, पण ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत व्हायला हवं होतं. बाळ वर्षाचं झालं नाही. बहिणीने मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. आज मी शेजारचं दार वाजवलं आणि त्या नव्या आईला तोच प्रश्न विचारला. ती हसली. "पिवळी होते, मावशी. लंगोटाचे डाग निघता निघत नाहीत." "राहू देत गं," मी म्हटलं, "काढूच नकोस."