धुतलं मेंढरू बाजाराचं

राहू गावच्या रखमाजी आबांना संशयाचा आजार आहे असं गाव म्हणायचं. आबांच्या मते तो आजार नव्हता, अनुभव होता. दुधात बोट बुडवून बघितल्याशिवाय ते घरात चहा टाकू द्यायचे नाहीत. रस्त्यात कुणी थांबून तब्येत विचारली, की हा आता काय मागणार याचा अंदाज घेत घेत उत्तर द्यायचे. माणसाचा निम्मा जन्म मेंढरांमागं गेलेला. विकायच्या मेंढराला आधी मीठ चारतात, मग तहान लागली की पोटभर पाणी पाजतात, अंग धुऊन लोकर मोकळी करतात आणि दुखणाईत जनावर गुबगुबीत म्हणून खपवतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. थोडंफार हातानं केलंही होतं, पण ते काही चारचौघांत सांगायचं नसतं. एवढ्या बाजारांतून त्यांनी एकच धडा घरी आणला होता: धुतलं मेंढरू बाजाराचं.

म्हणून दिवाळीच्या आधी मल्हार, त्यांचा एकुलता एक मुलगा, बादली आणि ब्रश घेऊन गाडीपाशी बसला, तेव्हा आबांना पहिली शंका आली.

ही गाडी म्हणजे साधीसुधी गाडी नव्हती. माळ सगळे उसाखाली गेले, चराई संपली, तेव्हा आबांनी कळप विकला आणि त्यातून ही मरून रंगाची जुनी गाडी घेतली. पाहुण्यारावळ्यांनी वेड्यात काढलं. आबांना मात्र वाटायचं, आपली मेंढरं गेली नाहीत, दारात एका जागी उभी आहेत. रोज सकाळी ते बॉनेटवरून हात फिरवत, जसा पूर्वी पाठींवरून फिरवत. पण लाडाला सावली लागते, आणि शेड बांधायचं काही झालं नाही. वर्षानुवर्षं ऊन खाऊन बॉनेटचा आणि टपाचा रंग तडकला होता. आटलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात तशा, पण केसासारख्या बारीक भेगा.

मल्हार सणसवाडीला कंपनीत. बायकोसह तिथंच भाड्याच्या खोलीत राहायचा आणि सुट्टीला गावी यायचा. इतकी वर्षं त्याला गाडीच्या भेगा दिसल्या नव्हत्या. आता मात्र येईल तेव्हा तो तिच्यावर ओणवा. आधी धुवायची, मऊ ब्रशानं भेगांतली धूळ काढायची, हलक्या हातानं पॉलिश फिरवायचं, मग गाडीच्याच रंगाचं मेण बोटानं भेगांत भरून फडक्यानं पुसून घ्यायचं. आबा मागं उभे राहून बघत होते.

"ह्यानं भेगा जात्यात व्हय?" त्यांनी विचारलं.

"जात न्हाईत, आबा. रंगच म्हातारा झालाय. फकस्त दिसायच्या कमी व्हत्यात."

"कुणाला दिसायच्या कमी?"

मल्हार नुसता हसला. ते हसणं आबांनी मनात नीट ठेवून दिलं.

मग एकेक गोष्ट जुळत गेली. मल्हारनं बॉनेटचे फोटो काढले आणि कुणाला तरी पाठवले. फोन आला की तो उसाच्या कडेला जाऊन बोलायचा. आबांनी कान लावला, तेव्हा 'पाडव्याला' एवढा एकच शब्द हाती लागला. नंतर भांडगावाहून सुमित नावाचा एक तरुण मोटरसायकलवर आला. गाडीभोवती फिरला, बॉनेटवर नख लावून बघितलं, मान हलवली आणि जाताना मल्हारच्या हातात काहीतरी बारकंसं ठेवून गेला. बाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून सौदा करतात, ते आबांना आठवलं. सौदा झाला, इसार दिला, पाडव्याला गाडी जाणार. आता शंकेला जागाच नव्हती.

त्यांनी हे बायकोला, गिताबाईंना सांगितलं. "पोरगं हाय तुमचं, दलाल न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या. मग आबांनी त्यांनाही कटात धरलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी गिताबाई बाजाराला गेल्या. आबांनी कपड्याची पावडर आणि भांडी घासायचा काथ्या घेतला आणि बॉनेट घासायला घेतलं. मेण निघालं. भेगा पुन्हा उघड्या पडल्या, त्यांत पावडर बसून पांढऱ्या झाल्या, आणि दोन-तीन जागी तर रंगाच्या खपल्याच हातात आल्या. आबांचा जीव कळवळला, पण हात थांबला नाही. परक्याच्या दारात चकाकण्यापेक्षा आपल्या दारात फुटकी बरी, असं ते स्वतःलाच बजावत राहिले.

सकाळी मल्हार बायकोला घेऊन आला, तेव्हा आबा गाडीत बसलेले होते. किल्ली मुठीत, काठी मांडीवर. मल्हारची नजर बॉनेटवर गेली आणि त्याचा चेहरा उतरला.

"कुठाय तुझं गिऱ्हाईक?" आबा म्हणाले. "बोलव त्याला. भेगा मोजून घे म्हणावं."

मल्हारला काही कळेना. त्याच्या हातातल्या पिशवीतून झेंडूची माळ आणि घोंगडी बाहेर डोकावत होती. गिताबाईंना मात्र सगळं कळलं. त्यांनी ओवाळणीचं ताट खाली ठेवलं.

"आवं, पाडव्याला आपुन मेंढरं धुवायचो, रंगवायचो, ववाळायचो. ती काय इकायला?"

आबांनी मांडीवरची काठी बाजूला ठेवली. कळप गेल्यापासून दर पाडव्याला ते सकाळीच रानात निघून जायचे आणि दिवे लागल्यावर परतायचे, मेंढरं कोंडायचा वाडगा रिकामा दिसू नये म्हणून. हे घरात कुणी कधी बोललं नव्हतं, पण मल्हार लहानपणापासून बघत होता. या वर्षी त्यानं ठरवलं होतं, एवढं एक मेंढरू राहिलंय, ते तरी पुजायचं. सुमित रंगारी होता. त्यानं फोटोवरून आणि मग स्वतः येऊन रंग जुळवला होता आणि आधीच्यापेक्षा जुळत्या मेणाची डबी दिली होती. ही हकिगत मल्हारनं सांगितली नाही, गिताबाईंनी त्याच्याकडून काढून घेतली.

कुणी आबांना बोल लावला नाही. बोल लावला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. मल्हारनं टपावर घोंगडी अंथरली, माळ घातली. गिताबाईंनी ओवाळलं आणि मूठभर भंडारा बॉनेटवर उधळला. ती पिवळी हळद आबांनी उघड्या केलेल्या एकेका भेगेत जाऊन बसली, आणि सगळं जाळं उन्हात लखलखीत दिसायला लागलं.

आबांना लाजेनं मान वर करवेना. ते खाली उतरले आणि मुठीतली किल्ली त्यांनी मुलाच्या हातात ठेवली.

"मल्हार, ह्या भेगा दिसायच्या कमी कर, बाबा."

"कुणाला, आबा?"

"मला," आबा म्हणाले.