माझ्याआधी उघडलेला मेल

परळच्या लॅबमधून रिपोर्ट मेल केल्याचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात होते. छातीत गाठ लागली होती, चार दिवसांपूर्वी सुई टोचून तपासणीला दिलं होतं. हे फक्त माझ्या बडोद्याच्या बहिणीला माहीत होतं. नवरा आधीच घाबरट, त्याला निकाल कळल्यावरच सांगायचं ठरवलं होतं. मेल उघडायचा धीर होईना. जेवणाच्या सुट्टीत बघू म्हणून फोन उपडा ठेवला.

अर्ध्या तासात ठाकूरद्वारहून मोठ्या जाऊबाईंचा फोन आला.

"अगं, साधीच गाठ निघाली ना. मग आता कशाला घाबरतेस?"

सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झालाच नाही. माझ्या नकळत कुणीतरी माझ्या पदराखाली हात घालून बघून गेलंय, असं वाटलं. मेल उघडायला गेले तर तो आधीच वाचलेला दिसत होता.

शेजारच्या टेबलावरच्या मुलीला विचारलं. तिने सेटिंगमध्ये जाऊन दाखवलं, "मॅडम, तुमचं अकाउंट तीन ठिकाणी चालू आहे. हा फोन, हा कॉम्प्युटर आणि एक टॅब."

टॅब आमच्या घरात कुणाकडेच नाही. तो भावोजींचा, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांचा. चार वर्षांपूर्वी त्यांनीच मला हे अकाउंट काढून दिलं होतं, त्यांच्याच टॅबवर. पासवर्डही त्यांनीच ठेवला. मी तो कधी बदलला नाही.

मग मी जुने मेल चाळले. फणसवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोललेला शब्द न् शब्द सगळ्यांना ऐकू जातो, म्हणून आम्ही बहिणी एकमेकींना मेल लिहायचो. त्यातल्या काहींवर पिवळे तारे लावलेले होते. मी तारे लावत नाही. मी ते मेल उघडून पाहिले. माझ्या अंगावरून फार जायचं त्याबद्दलचा, नवऱ्याच्या आणि माझ्या रात्रींबद्दलचा, आणि या गाठीचा. निवडून ठेवले होते, परत वाचायला. त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

संध्याकाळी आधी ठाकूरद्वारला गेले. भावोजी खाटेवर बसून पोहे खात होते. टॅब मांडीपाशी होता, त्यावर तेलकट बोटांचे डाग.

"तुम्ही माझे मेल वाचता?"

"वाचतो कसला. आपोआप दिसतात. पासवर्ड मीच ठेवलाय ना?" चमचा थांबला नाही. "आणि घरच्या माणसापासून लपवण्यासारखं काय असतं एवढं?"

"तारे पण आपोआप लागतात?"

जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "मला वाटलं, तूच यांना सांगितलंस," म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता. ताऱ्यांचं त्यांना माहीत नसावं.

मी तिथेच उभी राहून पासवर्ड बदलला, अकाउंटला जोडलेला त्यांचा फोन नंबर काढून टाकला, ऑफिसातल्या त्या मुलीने शिकवलं होतं तसं बाकी सगळीकडून बाहेर पडले. टॅबवर पासवर्ड मागणारी चौकट आली. भावोजींनी ती बोटाने सरकवायचा प्रयत्न केला, सरकली नाही.

"उद्या काही अडलं तर माझ्याकडे येऊ नकोस."

"नाही येणार."

घरी येऊन आंघोळ केली. मग नवऱ्याला सगळं सांगितलं, गाठीपासून. गाठ साधी आहे कळल्यावर तो रडला. मेलचं ऐकून म्हणाला, "दादा असाच आहे गं. सोडून दे." मला त्याचीही शिसारी आली. चार दिवस मी त्याच्याशी कामापुरतं बोलले.

पाचव्या दिवशी जेवताना त्याने खाली बघत विचारलं, "माझ्याबद्दलही लिहिलं होतंस?"

"हो."

"दादाने ते वाचलं?"

"तारा लावून ठेवला होता."

त्याने ताट पुढे सरकवलं. त्यानंतर तो ठाकूरद्वारला गेलेला नाही. जाऊबाई मात्र एकदा एकट्याच येऊन बसून गेल्या. चहा झाल्यावर त्यांनी पासवर्ड कसा बदलायचा ते विचारलं. मी त्यांच्या फोनवर करून दिला. नवा शब्द त्यांनी टाइप केला तेव्हा मी खिडकीकडे तोंड केलं.

बहीण म्हणते, आता मोकळेपणी लिही. मी लिहायला बसते. पण पहिल्या चार ओळी झाल्या की ते पोहे खाणारं तोंड समोर येतं, आणि मी 'बरी आहे' एवढंच पाठवते.