डबा वाजवणारी

बपेरा गावच्या बाया जंगलात मोहफुलं वेचायला एकट्या जात नाहीत. एक वाकून वेचते, दुसरी उभी राहून रिकामा डबा वाजवते. अस्वलालाही मोह आवडतो, आणि आवाज असला की ते लांब राहतं. बायजाबाई वेचायची, तिची मुलगी प्रतिक्षा डबा वाजवायची. लहान होती तेव्हा त्या ठेक्यावर ती पाढे म्हणायची, पुढे रसायनाची सूत्रं.

बारावीचा रसायनशास्त्राचा पेपर होता त्या पहाटे आईनं तिला सोबत नेलं नाही.

"तू वाच. मी एकटीच जातो अन् लवकर येतो."

प्रतिक्षाला बरंच वाटलं. डबा कोपऱ्यात राहिला.

अस्वलानं बायजाबाईचा डावा गाल आणि डोळा नेला. लोकांनी तिला आधी तुमसरला आणि तिथून भंडाऱ्याच्या दवाखान्यात हलवलं. शेजारच्या केशरबाईनं प्रतिक्षाला हाताला धरून परीक्षेच्या खोलीपर्यंत पोचवलं. तिनं उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक लिहिला आणि त्यानंतर बराच वेळ तिला काही लिहिता आलं नाही. रसायनात ती कशीबशी पास झाली. बाकीच्या विषयांतले चांगले गुण बेरजेत बुडून गेले.

निकालानंतर तिच्या शाळेतले टेकचंद सर एक माहिती घेऊन आले. पुण्याला एक संस्था होती. शिकणं, राहणं, जेवण सगळं फुकट. गुणांचा फार आग्रह नाही, फक्त स्वतःविषयी दोन पानं लिहून पाठवायची.

"अस्वलाचं लिही," सर म्हणाले. "वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. मग तुझं काम झालंच समज."

सर मनापासून सांगत होते. प्रतिक्षा कागद घेऊन बसली, उठली, पुन्हा बसली. अस्वलाचं लिहायचं तर कोपऱ्यातला डबाही लिहावा लागणार होता. आणि आईचा गाल पुढे करून आपल्यासाठी जागा मागायची, हे तिच्या हातून होईना.

"सर, जिथं असं काही लिहावं नाही लागत, ती कॉलेजं सांगा."

"अवो बाई, तिथं मग फक्त मार्क पाहतेत."

"पाहू द्या."

भंडाऱ्याच्या एका कॉलेजात तिनं बी.एस्सी.साठी अर्ज केला. नाव, गाव, गुण आणि दाखले.

"बस, एवढंच?" बायजाबाई हसली. हसताना आता तिचं तोंड एकाच बाजूला जायचं. "हे त रेशन कार्डाहून सोपं हाय."

पहिल्या यादीत नाव लागलं नाही, दुसऱ्याही नाही. शेवटची यादी लागली त्या दिवशी मायलेकी दोघी भंडाऱ्याला आल्या. खिडकीतल्या बाबूनं संगणकात पाहिलं.

"थोडक्यात राहिली. विनाअनुदानित तुकडीत जागा आहे, फी भरत असाल तर."

फी भरण्याचा प्रश्नच नव्हता. मग बायजाबाई प्रतिक्षाला बाजूला सारून खिडकीशी गेली.

"साहेब, पोरगी हुशार हाय. मार्क कायले कमी पडले तेवढं आयका." तिनं तोंडावरचा पदर काढला. "हे पाहा. त्याच दिवशी पेपर होता तिचा."

रांगेत मागे उभ्या एका मुलीनं मान फिरवली. बाबू उठून बाहेर आला, त्यानं खुर्ची पुढे केली.

"बसा, माय." मग हळू आवाजात म्हणाला, "पण हे मी भरू कुठं? इथं फक्त मार्क भरता येतात." विश्वास बसावा म्हणून त्यानं आत जाऊन संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. बायजाबाईला वाचता येत नव्हतं. उरलेल्या डोळ्यानं ती कितीतरी वेळ त्या पडद्याकडे पाहत राहिली.

"थोडीशी बी जागा नाही?"

"नाही, माय."

परतीच्या एसटीत बायजाबाईनं पदर पुन्हा ओढला नाही. मोहाडीला बस भरली. एका बाईच्या कडेवरचं लेकरू तिच्या गालाकडे टक लावून पाहू लागलं. प्रतिक्षा खिडकीबाहेर पाहत राहिली. धानाच्या बांध्यांमध्ये रोवणी सुरू होती, वाकलेल्या बायांची रांग मागे मागे सरकत होती.

"ते पुण्याचं, गुरुजी सांगत होते ते," आई म्हणाली. "त्याची तारीख गेली का वं?"

"गेली."

"मले इचारलं असतं त मीच म्हटलं असतं, लिव म्हणून. तोंडाचं जे व्हायचं होतं ते त झालंच."

प्रतिक्षानं मांडीवरची दाखल्यांची पिशवी सरळ केली.

"अन् तिथं तू चूप काहून उभी होती? मी एकटीच बोलून राहिली."

प्रतिक्षानं हात वर केला आणि आईचा पदर डोक्यावरून पुढे ओढला, गाल झाकेल इतका. बायजाबाईनं तो पुन्हा मागे सरकवला.

"राहू दे," ती म्हणाली. "गरम होते."